गावठाणातील वडिलोपार्जित घराची बाजारभावाने किंमत कशी काढावी?

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, एका लहान गावात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आई-वडिलांच्या पश्चात ते आम्हा तीन भावंडांच्या नावे लागले असून, घर मी ठेवावे आणि दोन्ही बहिणींना त्यांच्या हिश्श्याची रक्कम द्यावी, असे ठरले आहे. ‘तू म्हणशील ते’ असे दोघीही म्हणतात, आणि नेमके म्हणूनच आकडा माझ्या सोयीचा नसून खरा असावा, अशी माझी इच्छा आहे.

रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कापुरता ठीक आहे. परंतु आमच्या गावठाणाला त्यात एकच दर असल्याने डांबरी रस्त्यावरची जागा आणि बोळातली जागा यांत फरक उरत नाही. त्यामुळे नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधातून गेल्या दोन वर्षांतील सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे) पाहिल्या. गावठाणातले तीनच व्यवहार मिळाले.

पहिला रस्त्यालगतचा: १,५०० चौरस फूट, मोबदला ९ लाख. खरेदीदाराने कवेलूचे जुने घर लगेच पाडले, म्हणजे पैसे जागेचेच दिले. दर फुटाला ६०० रुपये. दुसरा आतल्या गल्लीतला: २,००० फूट जागा, त्यावर ७०० फुटांचे सुमारे पंधरा वर्षांचे स्लॅबचे घर, मोबदला १४ लाख. गावातील गवंडी आजचा बांधकाम खर्च फुटाला १,४०० रुपये सांगतात. त्यातून चौथा हिस्सा घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) वजा केल्यास बांधकामाचे ७.३५ लाख होतात आणि जागेला फुटामागे साधारण ३३० रुपये उरतात. तिसरा व्यवहार चुलत भावांमधला असून मोबदला रेकनरच्या दराएवढाच आहे. नात्यातला व्यवहार खुल्या बाजाराचा भाव दाखवत नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

आमची जागा घरालगतच्या मोकळ्या सांदवाडीसह २,४०० फूट आहे. दर्शनी रुंदी जेमतेम १८ फूट; गल्लीतून बंडी येते, ट्रक येत नाही. ३३० धरल्यास जागेचे सुमारे ८ लाख होतात, ६०० धरल्यास १४ लाखांच्या वर जातात. प्रत्येक बहिणीच्या वाट्यात दोन लाखांहून अधिक फरक पडतो, आणि ही रक्कम त्यांच्यासाठी लहान नाही. मला दुसरा व्यवहार अधिक जवळचा वाटतो, पण तो निष्कर्ष माझ्याच फायद्याचा असल्याने त्यावर एकट्याने विसंबणे मला योग्य वाटत नाही. अशा वेळी शेजारच्या, साधारण तेवढ्याच वस्तीच्या गावांतील व्यवहार तुलनेला घेतलेले चालतात का?

आणखी एक अडचण क्षेत्रफळाची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) २,१५० फूट लागले आहेत, तर स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीनंतर मिळालेल्या मिळकत पत्रिकेत २,४०० आहेत. मी पत्रिकेचाच आकडा धरला आहे. मूल्यांकनकारही तोच धरतात का?

शेवटचा प्रश्न बांधकामाचा. आमच्याकडील काळ्या मातीमुळे मागच्या भिंतीला पायापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग गेली आहे. उन्हाळ्यात तिच्यात रुपयाचे नाणे जाते, पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते. वयाप्रमाणे घसारा काढल्यावर या दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा करावा, की तो घसाऱ्यातच आला असे समजावे? ज्यांनी खेड्यातील घराचे नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून मूल्यांकन करून घेतले आहे, त्यांनी त्यांच्या अहवालात हे कसे धरले होते ते कृपया सांगावे.