विद्यापीठं येतात, फॉर्म भरून नेतात. तरुणांच्या आरोग्याचं काम नक्की कोणाचं?

पायवाट:
काल इथे एकाने लिहिलं, "तरुणांच्या आरोग्याचं काम विद्यापीठांनीच हातात घ्यावं, संस्थांकडे नुसता उत्साह असतो, शास्त्र नसतं." वाचून झोप उडाली. मी 12 वर्षं एका छोट्या संस्थेत 15 ते 19 वयाच्या पोरापोरींबरोबर काम करतेय. आमच्याकडे विद्यापीठाच्या टीम तीनदा आल्या. तिन्ही वेळा ग्रँट त्यांच्या नावावर आणि पोरं जमवायचं काम आमच्या गळ्यात. प्रश्नावली आम्हाला दाखवली ती छापून झाल्यावर. एका मुलीने त्यात लिहिलं होतं की जगावंसं वाटत नाही. तो फॉर्म दोन महिने गठ्ठ्यात पडून, कारण काय तर डेटा एंट्री बाकी होती. मला कळलं ते तिच्या मैत्रिणीकडून. मुलगी आज ठीक आहे, पण त्यात त्या अभ्यासाचा काडीचा वाटा नाही. आता मला शास्त्र शिकवा.

सरळरेघ:
कालचं ते वाक्य माझंच. तुम्ही सांगितलं ते भयंकर आहे, त्याचं समर्थन करणार नाही. पण सदिच्छेने नुकसानही होतं हेही ऐका. अमेरिकेतला केंब्रिज-सॉमरविल अभ्यास घ्या, 1939 मध्ये सुरू झालेला. सुमारे 500 मुलगे, त्यातल्या निम्म्यांना कित्येक वर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. मोठेपणी त्यातले बरेच जण म्हणाले की फार फायदा झाला. जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने 30 वर्षांनी दोन्ही गट शोधून काढले आणि 1978 मध्ये निष्कर्ष मांडले, तर दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू हे सगळं मदत मिळालेल्यांच्यातच जास्त. तुलनेला दुसरा गट नसता तर आजही सगळे त्या कामाचं कौतुकच करत बसले असते. तुमच्या 12 वर्षांत असं कोणी मोजलंय का?

पायवाट:
मोजायला नाही कोण म्हणतंय? मोजणारा माणूस टिकत नाही हे दुखणं आहे. ग्रँट संपली की फोन बंद, आणि पोरं मला विचारतात ते सर परत कधी येणार.

कंदील:
मूळ प्रश्न मालकीचा आहे, बाकी सगळं नंतर. अमेरिकेतल्या अरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचं काय झालं आठवा. अरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त घेतलं आणि ते स्किझोफ्रेनिया, पूर्वजांचं स्थलांतर असल्या भलत्याच अभ्यासांना वापरलं. प्रकरण कोर्टात गेलं, 2010 मध्ये 7 लाख डॉलरवर तडजोड झाली, नमुने परत द्यावे लागले. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासींनी, 1998 मध्येच तत्त्वं ठरवली होती, आमच्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा आमच्याकडे. माहिती ज्यांची त्यांच्याकडेच राहिली पाहिजे, विषय संपला.

अबोली:
नाही संपला. प्रत्येक चर्चेत तुम्ही हेच घेऊन येता, म्हणून आज लिहितेच. मी 16 वर्षांची होते तेव्हा आमच्या इथल्या संस्थेतल्या एका ताईंना विश्वासाने एक गोष्ट सांगितली, आणि आठवड्याच्या आत ती माझ्या आईला माहीत. पुढे बाहेरून सर्वेवाले आले, फॉर्मवर नाव नव्हतं, मी पहिल्यांदा खरं लिहिलं. ते कागद संस्थेकडे राहणार म्हटलं असतं तर कोरा फॉर्म दिला असता. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे "समाजाचा ताबा" म्हणजे कोणाचा ताबा, काकांचा?

कंदील:
एका ताईंच्या चुकीवरून तत्त्व मोडीत काढू नका.

अबोली:
आणि तुम्ही एका विद्यापीठावरून सगळी विद्यापीठं मोडीत काढताय ते चालतं? माझं आयुष्य म्हणजे तुमच्या तत्त्वातला अपवाद नाही.

निळी_शाई:
दोघंही थांबा जरा. मी संशोधन करणारा माणूस, आतली गोष्ट सांगतो. आमची बढती छापून आलेल्या शोधनिबंधांवर ठरते, कार्यक्रम पुढे चालू राहिला का हे कोणी विचारत नाही. मग माणूस डेटा घेऊन पळतो. हे मला पटत नाही, तरी मीही एकदा तसाच निघून आलोय. आइसलँडमध्ये वेगळं जमलं. संशोधक दरवर्षी सर्वे घेत आणि त्या त्या गावाचे निकाल काही महिन्यांत त्याच गावाच्या हातात देत, एकेकट्याचे फॉर्म नाही, एकत्र आकडे. 15-16 वयात मागच्या महिन्यात दारू चढेपर्यंत प्यायलेल्यांचं प्रमाण 1998 मध्ये 42 टक्के होतं, 2016 मध्ये 5.

पायवाट:
तिथे पालक होते, पालिका होती, खेळाचे क्लब होते, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर कायद्याने वेळेची मर्यादा होती. सगळं श्रेय सर्वेला देऊ नका. पण आकडे परत येणं, हो, तेवढं मान्य. आमच्याकडे तीन अभ्यासांचा एकही कागद परत आलेला नाही. आणि अबोली, तुझं वाचून गप्प बसले. आमच्याही कपाटाची चावी कोणाकोणाकडे असते ते आता बघणार आहे.

पुढच्या महिन्यात चौथी टीम येतेय. जीवाला धोका दिसणारं उत्तर असेल तर त्याच दिवशी समुपदेशकाकडे, आणि हे फॉर्म भरण्याआधी मुलांना सांगायचं. आमच्या कार्यकर्तीचा पगार त्यांच्या बजेटमध्ये. दोन्हीला हो म्हणाले तर या, नाहीतर दार बंद.

सरळरेघ:
अटी रास्त आहेत. पण तुलनेचा गट ठेवू द्या.

पायवाट:
म्हणजे निम्म्या पोरांना नाही म्हणायचं? ते मी करणार नाही.

सरळरेघ:
नाही म्हणू नका, सहा महिने उशिरा घ्या. तोपर्यंत तीच तुलना.

पायवाट:
सहा नाही, तीन. आणि कोणाला आधी ते चिठ्ठ्या टाकून, पोरांच्या समोर.