कामगंध सापळा : एकाच सापळ्यात पतंग जास्त. फवारू की थांबू?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. कपाशी 75 दिवसांची, एक हेक्टर. गुलाबी बोंडअळीसाठी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाची वडी ठेवून पतंग पकडणारे) लावलेत. आठवडा झाला, रोज सकाळी मोजतोय. चार सापळ्यांत 3 ते 5 पतंग येतात, पाचव्यात मात्र काल 14, आज 13. शेजाऱ्याच्या कानावर गेलं आणि त्याने लगेच पंप बाहेर काढला. म्हणतो, पतंग आला म्हणजे अळी आलीच, थांबलास तर बोंडं गेली. मला तर पाती-फुलं चांगली दिसतायत. 8 पतंग आले की धोका म्हणतात, ते गणित एका सापळ्याचं धरायचं की सगळ्यांचं? फवारू का?

वहीवाले काका
पंप खाली ठेव भाऊ, आधी गणित करू. सापळ्यामागे रोज सरासरी 8 पतंग, तेही सलग 3 रात्री, अशी ती धोक्याची पातळी आहे. तुझ्या कालच्या आकड्यांतले चार सापळे 16 चे धरले तर 14 मिळवून 30 होतात, म्हणजे सापळ्यामागे 6. पातळीच्या खालीच आहेस.

पण म्हणून निवांत बसू नकोस. सापळ्यात येतात ते फक्त नर. मादीच्या वासाला फसून आलेले. ते पिकाचं काही खात नाहीत. बोंडं फोडून बघायची वेळ झाली, एवढंच सापळा सांगतो. फवारायचं की नाही ते बोंडाला विचारायचं. मी सुरुवातीची दोन वर्षं सापळ्यालाच विचारत होतो, त्यात औषध भरपूर गेलं.

कोरडवाहू
ल्युअर, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या वड्या, सगळ्या एकाच दिवशी बदलल्या का? जुनी आणि नवी वडी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि हिरव्या बोंडअळीची वडी हाताळून त्याच हाताने गुलाबीची लावली असेल तरी घोळ होतो.

पऱ्हाटीवाला
सगळ्या एकाच दिवशी, हातमोजे घालून लावल्यात. हिरवीच्या लावल्याच नाहीत. सापळे पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर आहेत, पीक वाढेल तसे वर सरकवतो. पाचवा बांधाच्या बाजूला आहे. लिहिता लिहिता लक्षात आलं, तिथे पलीकडेच मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग पडलाय.

वहीवाले काका
मग झालं की. उरलेल्या बोंडांत, सरकीत अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघते. तुझा पाचवा सापळा तुझ्या पिकाचं कमी आणि त्या ढिगाचं जास्त सांगतोय. ढीग आता तरी हलव. खरं तर तो पेरणीच्या आधीच जायला हवा होता, पण ते आता बोलून काय उपयोग.

उद्या सकाळी दोन पिशव्या घे. ढिगाच्या बाजूच्या ओळींतून 20 झाडं निवड, सरळ रेषेत न जाता आडवंतिडवं फिरून. झाडामागे एक हिरवं बोंड, साधारण 10 ते 14 दिवसांचं, बोटाने दाबल्यावर थोडं दबेल असं. उरलेल्या रानातून तशीच आणखी 20. दोन्ही पिशव्या वेगळ्या ठेव, मिसळू नकोस.

फोडताना घाई नको. बाहेरून बोंड चकचकीत दिसतं, कारण अळी शिरते ते भोक बुजून जातं. पाकळी उलगड आणि सालीची आतली बाजू बघ. अळी शिरली असेल तिथे बारीक फोडासारखा फुगवटा असतो, कधी नागमोडी रेघही. अळी गुलाबीच असेल असं समजू नकोस. लहानपणी ती पांढरी असते, डोकं तेवढं काळपट. लोक गुलाबी शोधतात आणि पांढरी सोडून देतात. 20 पैकी 2 बोंडांत जिवंत अळी म्हणजे 10 टक्के. तिथे फवारणीचा विचार सुरू होतो.

शेजाऱ्याचं एक बरोबर आहे : आत शिरलेल्या अळीला फवारा लागत नाही. म्हणून उशीर नको. पण डोळे झाकूनही नको.

कोरडवाहू
फुलंही बघा. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. आत अळी असते. तोडून पिशवीत घ्या आणि नष्ट करा, नुसती तोडून सरीत टाकू नका.

आणि पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक इतक्या लवकर मारू नका. मी एका हंगामात घाई केली. ढालकिडे, क्रायसोपा असे किडी खाणारे मित्रकिडे सगळे गेले, मग पांढरी माशी अशी उठली की पानं चिकट होऊन काळी पडली. बोंडअळी बाजूला राहिली, माशीच्याच मागे पळत बसलो.

पऱ्हाटीवाला
फोडली. ढिगाच्या बाजूला 20 पैकी 3, उरलेल्या रानात 20 पैकी 1. चारही अळ्या पांढऱ्याच होत्या, एक तर मी आधी रुई समजून पुसून टाकणार होतो. डोमकळ्या त्याच बाजूला 7 सापडल्या. सापळे आज 4, 4, 5, 3, 12. ढीग दुपारी हलवला. आता त्या कडेच्या 14 ओळींतच फवारायचं म्हणतोय. चालेल का?

वहीवाले काका
चालेल, मी पण तेच केलं असतं. या पिकासाठी शिफारस असलेलं एकच औषध, लेबलवरच्याच मात्रेत, संध्याकाळी, तोंड झाकून. दोन औषधं एका टाकीत नको. पुढच्या वेळी लागलंच तर वेगळ्या गटातलं घे. उरलेल्या रानात 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा.

फवारलेल्या ओळींच्या दोन्ही टोकांना काठीला चिंधी बांधून ठेव. आठवड्याने पुन्हा 20 आणि 20 बोंडं फोडायची आहेत, आणि कुठून कुठवर फवारलं ते तोवर तुलाही आठवणार नाही.

पऱ्हाटीवाला
चिंध्या बांधल्या. शेजारी विचारत होता, हे काय नवीन. त्याच्याही रानातली 20 बोंडं उद्या आम्ही दोघं मिळून फोडणार आहोत.