शनिवारी लग्नाचा 25 वा वाढदिवस, बायको म्हणते "काही नको". मदत हवी आहे

काठावरचा
शनिवारी आमच्या लग्नाला 25 वर्षं पूर्ण होतात. काय करायचं विचारलं, तर बायको म्हणाली, "काही करू नकोस, काही आणू नकोस." विषय संपला. मला मात्र काहीतरी करायचंच आहे. या वर्षी तिने जे केलंय ते मी रोज बघतोय, ते तसंच न बोलता जाऊ द्यायचं नाही. बाहेरगावी जाणं शक्य नाही, मोठा कार्यक्रम नको. पत्र लिहायला बसलो, पण "तू सगळ्यांसाठी किती करतेस" याच्या पुढे गाडी सरकत नाही. काहीतरी नेमकं सुचवा, दिवस कमी आहेत.

पानोपानी
त्यांना आवड कशाची आहे? वाचन, गाणं, झाडं? आणि "काही नको" दरवर्षी म्हणतात की याच वर्षी? बाहेरगावी जाणं का शक्य नाही?

सरळरेघ
"काही नको" म्हणजे काहीतरी हवंय, एवढं 25 वर्षांत कळायला हवं. मी आमच्या 25 व्याला तिच्या शाळेतल्या मैत्रिणी शोधून काढल्या आणि न सांगता घरी बोलावल्या. दार उघडल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. डोळे झाकून हेच करा.

मधलीसुट्टी
सरळरेघ, असा सल्ला सरसकट देऊ नका. मी "काही नको" म्हटलं होतं तेव्हा मला खरंच काही नको होतं. तरी घर माणसांनी भरलं आणि मी रात्रीपर्यंत हसरा चेहरा ठेवून सगळ्यांचं करत राहिले. मला त्या दिवशी झोप हवी होती. बाईच्या "नको"चा अर्थ "हो" लावायची सवय सोडा.

सरळरेघ
तुमच्या घरी तसं झालं म्हणून सगळीकडे तसंच होईल असं नाही. माझी बायको आजही त्या दिवसाबद्दल बोलते.

मधलीसुट्टी
मग तुमच्या बायकोसाठी ते बरोबर होतं. ह्यांच्या बायकोबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही.

काठावरचा
मोठा कार्यक्रम नको हे वर लिहिलंय. वाचायला आवडतं तिला, पण सध्या वाचत नाही. बाबांमुळे बाहेर जाता येत नाही. पत्राचं कुणीतरी सांगा ना.

पानोपानी
बाबांमुळे म्हणजे?

काठावरचा
बाबांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, अंथरुणावरच असतात. दिवसा मदतनीस येतात. रात्री ती बघते, कारण मला पहाटे निघावं लागतं. पण तो वेगळा विषय आहे.

जुनीवही
वेगळा नाही, हाच विषय आहे. मी बरीच वर्षं वॉर्डात परिचारिका होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना, माकडहाडाला जखमा होतात. म्हणजे तुमच्या बायकोने वर्षभरात सलग झोप घेतलेली नाही. ती "काही नको" म्हणते कारण येणारी प्रत्येक गोष्ट, भेटवस्तूसुद्धा, तिला आणखी एक काम वाटत असणार. तिला रात्र द्या. पूर्ण रात्र, दार लावून झोपायची.

मधलीसुट्टी
जुनीवही, हजार वेळा अनुमोदन.

गणिती
यावर 1979 सालचं एक गाजलेलं संशोधन आहे, मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांचं. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, घरातल्या कोणत्या कामात तुमचा वाटा किती? बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. भांडणं सुरू करण्यातला वाटासुद्धा! कारण साधं आहे, आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने आपल्या मागे केलेलं दिसतच नाही. म्हणून पत्रात "खूप करतेस" लिहू नका. जे तुमच्या मागे होतं ते शोधून लिहा.

सरळरेघ
आता प्रेमपत्रालाही संशोधन लागायला लागलं का? मनात येईल ते लिहावं माणसाने.

गणिती
मनात आलेलंच लिहायचंय, पण ते अडलंय म्हणून तर धागा काढलाय. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आनंदले आणि कमी अवघडले. ते काही फक्त नवरा-बायकोंवर केलेलं नव्हतं, पण शब्द चांगले नाहीत म्हणून पत्र थांबवू नये एवढं त्यातून नक्की घेता येतं.

संध्यारंग
थोडं अवांतर. माझ्या आईबाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी 60 वर्षं होतील. हीरकमहोत्सव 60 ला की 75 ला? घरात यावरून वाद चाललाय.

गणिती
60 ला. इंग्लंडात हिरा आधी 75 शी जोडलेला होता. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला 60 वर्षं झाली, तो सोहळा हिऱ्याच्या नावाने झाला आणि 60 चा आकडा रूढ झाला. आपल्याकडे 75 ला अमृतमहोत्सव म्हणतातच.

फोटोवेडा
लग्नाचा जुना अल्बम असेल तर तो स्कॅन करून द्या, यासारखी भेट नाही. चिकट पानांचा अल्बम असेल तर फोटो ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा, सुटतो. स्कॅन 600 डीपीआयला ठेवा, म्हणजे मोठी प्रतही काढता येते. आणि मूळ फोटो टाकून देऊ नका!

काठावरचा
अल्बमचं नंतर बघतो. जुनीवही, तुमचं वाचून काल रात्रीच तिला सांगितलं, "शनिवारी रात्री बाबांकडे मी असेन, तू आतल्या खोलीत झोप." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्यांना कुशीवर कसं घ्यायचं येतं का तुला?" दिवसा मी बाबांना खुर्चीत बसवतो, पण रात्रीचं सगळं तिच्याच हातात आहे. कुठून सुरुवात करू?

जुनीवही
तिने हे विचारलं म्हणजे तिला रात्र हवी आहे, फक्त भरवसा हवा आहे. शनिवारची वाट बघू नका. आज आणि उद्या ती खोलीत असताना सगळं तुमच्या हाताने करा, तिला फक्त बघू द्या. नाहीतर शनिवारी ती दाराआड जागीच राहील.

कुशीवर घेताना अशक्त हात ओढायचा नाही, खांदा निखळू शकतो. खांद्यामागे आणि कमरेला आधार देऊन वळवा. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकू देऊ नका. वळवल्यावर त्वचा बघा. लाल डाग दाबून पांढरा झाला नाही तर डॉक्टरांना दाखवायचा. रात्री काही भरवत असाल तर बसतं करून, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. लघवीची नळी असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली. औषधांच्या वेळा तिच्याकडून तुमच्या अक्षरात लिहून घ्या.

आणि एकच रात्र नको. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशी एक रात्र दर आठवड्याला कायमची तुमची.

पानोपानी
तुमच्या वाट्याची रात्र ठरली की वाचनही परत सुरू होईल. पुस्तक आत्ता आणू नका, तिला स्वतः निवडू दे.

सरळरेघ
हे मला पटलं. बाबांचं आधी लिहिलं असतं तर मी मैत्रिणींचं सुचवलंच नसतं. पण एक सांगतो, पत्र लिहाच. रात्र जागणं हे काम झालं, ते का करताय हे शब्दांत सांगावं लागतं.

मधलीसुट्टी
सरळरेघ, इथे आपलं एकमत.

काठावरचा
नळी आहे, पिशवीचं लक्षात ठेवतो. काल रात्री तिच्यासमोर दोनदा बाबांची कूस बदलली. दुसऱ्या वेळी तिने काही दुरुस्त केलं नाही. शनिवारची रात्र दर आठवड्याला माझी, हे बाबांनाही सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझा हात दाबला.

पत्र पुढे सरकलं. सुरुवात अशी केली आहे: "बाबांना बोलता येत नाही तरी तू प्रत्येक वेळी त्यांना आधी सांगतेस, आता या कुशीवर घेते हं, आणि मग हात लावतेस. माझ्या वडिलांचा मान तू अंधारात, कुणी बघत नसताना राखलास." बरोबर वाटतंय का?

गणिती
बरोबर आहे. यात आता काही बदलू नका, याच्या पुढे लिहा.

फोटोवेडा
पत्र शाईने लिहिणार असाल तर आम्लविरहित कागद घ्या, आम्ल असलेला स्वस्त कागद काळानुसार पिवळा पडून ठिसूळ होतो. आणि अल्बम उन्हात ठेवू नका.