एकाच वर्षात पूर्ण मॅरेथॉन, जपानीची एन-३ आणि १० किलो वजन: बसवायचं कसं?

धायरीकर
वय ३६, आयटीत नोकरी. ऑफिस हिंजवडी फेज २, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. या वर्षासाठी तीन गोष्टी ठरवल्या आहेत: डिसेंबरात पुण्याची पूर्ण मॅरेथॉन, डिसेंबरातच जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन-३ आणि १० किलो वजन कमी. सध्या १० किमी पळायला ७० मिनिटं लागतात. त्याखालची पातळी एन-४ दोन वर्षांपूर्वी झाली, त्यानंतर वही उघडलेली नाही. बायकोचीही नोकरी आहे, मुलगी सात वर्षांची. ध्येयं मोजता येतील अशी, तारखेसकट लिहून कागद फ्रिजवर लावला आहे. 'मनात आणलं तर सगळं होतं' छापाची उत्तरं कृपया नकोत. आठवडा कसा लावायचा आणि गाडी कुठे अडते, तेवढं सांगा.

हिशेबनीस
तारखा लिहिल्यात, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या का? जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. पुण्याची मॅरेथॉनसुद्धा बहुतेक वेळा डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी येते. म्हणजे पहाटे अंधारात ४२.१९५ किमीला सुरुवात करायची आणि त्याच दिवशी १४० मिनिटांचा पेपरही द्यायचा. तारखा थोड्या सरकल्या तरी दोन्हींचे कळसाचे आठवडे एकमेकांवरच येणार.

आता तास. आठवड्यात १६८. झोप रोज ७ धरून ४९ गेले, काम ४५. धायरीहून नवले पूल, वारजे, चांदणी चौक, भूमकर चौक असं जाऊन-येऊन दिवसाला ३ तास धरा, तीन दिवसांचे ९. उरले ६५. जेवण, आंघोळ, किराणा, मुलीचा अभ्यास, घरकाम यांत ३५ सहज जातात. राहिले ३०. यातले निम्मेच खरे समजायचे, कारण उरलेले पाहुणे, आजारपण, उशिरा संपणाऱ्या मीटिंगा आणि निव्वळ थकवा खाऊन टाकतात. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. तेव्हा तुमच्या हातात आठवड्याला १५ तास आहेत.

एन-३ ला १० तास लागतील. मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात पळणं ७-८ तास आणि वर जाणं-येणं, आंघोळ, रविवारची दुपारची झोप धरून तेही १० तास. बेरीज २०. त्यामुळे दोन्ही एका हंगामात बसत नाहीत, इच्छाशक्ती कितीही असो. वर्षाचे दोन भाग करा. जानेवारी ते जुलै एन-३ चढती आणि पळणं टिकवण्यापुरतं. ऑगस्ट ते डिसेंबर पळणं चढतं आणि जपानी रोज २० मिनिटं. पळण्याचा पाया तसाही सावकाशच घालायचा असतो, म्हणून हाच क्रम बरा. उलटा लावलात तर मॅरेथॉन उन्हाळ्यात येते आणि मे महिन्यात पुण्यात २५ किमीचा सराव कोणी सांगू नये.

कांजीवही
वरच्या विभागणीशी सहमत, पण जुलै जवळ आहे हे ध्यानात घ्या. जानेवारीपासून साधारण २६ आठवडे मिळतात. पहिले तीन एन-४ ची उजळणी, शेवटचे चार फक्त वेळ लावून सराव पेपर. मधले १९ उरतात. २०१० नंतर अधिकृत शब्दयादी छापली जात नाही. ढोबळ अंदाज असा की एन-४ ला ३०० कांजी (जपानीतली चित्राक्षरं) आणि १५०० शब्द, एन-३ ला ६५० आणि ३७००. फरक ३५० कांजींचा आणि २२०० शब्दांचा, म्हणजे आठवड्याला १८-१९ कांजी आणि रोज १६-१७ नवे शब्द.

इथे घोटाळा असा होतो की अंकीसारख्या पाठांतराची कार्डं दाखवणाऱ्या ॲपमध्ये रोज १७ नवी कार्डं लावली की दोन-तीन आठवड्यांत उजळणीची कार्डं रोज सव्वाशे-दीडशेच्या घरात जातात. दोन दिवस खाडा झाला की तीनशे समोर उभी राहतात आणि बहुतेक लोक ॲप उघडणंच बंद करतात. खाडा झालाच तर नवी कार्डं शून्यावर आणा, जुनी संपेपर्यंत एकही नवीन घेऊ नका. कांजी सुटी पाठ करण्यापेक्षा शब्दातून घ्या. सुटे उच्चार लक्षात राहत नाहीत.

एन-३ चे तीन विभाग, प्रत्येकी ६० गुण. उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ९५ हवेत, पण शिवाय प्रत्येक विभागात किमान १९. आपल्याकडे क्लास करणाऱ्यांचं व्याकरण पक्कं असतं आणि ऐकणं कच्चं. वाचनात वेळ संपतो, कारण व्याकरण आणि वाचन मिळून ७० मिनिटंच असतात आणि लोक सुरुवातीच्या छोट्या प्रश्नांत अडकून बसतात. व्याकरणाला २० मिनिटांची मर्यादा घाला, उरलेली ५० उताऱ्यांना.

कंपनीच्या बसने जात असाल तर जाताना ऐकण्याचा सराव, येताना कार्डं. एकच तुकडा तीनदा ऐका: एकदा नुसता, एकदा लिखित मजकूर बघत, एकदा पुन्हा डोळे मिटून. स्वतः गाडी चालवत असाल तर हे विसरा. बावधनच्या पट्ट्यात जपानी संवाद ऐकून ना भाषा येते ना ब्रेक वेळेवर लागतो.

टेकडीकर
पळण्याचं बोलतो. ७० मिनिटांच्या १० किमीवरून रिगेलच्या सूत्राने (एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची काढायचं) पूर्ण मॅरेथॉनची वेळ ५ तास २२ मिनिटं येते. पहिल्या खेपेला त्यात २०-२५ मिनिटं मिळवा. पावणेसहा तास धरले तर किलोमीटरला ८ मिनिटं ११ सेकंद. स्पर्धेची वेळमर्यादा नोंदणीआधी वाचा आणि या आकड्याशी ताडून बघा.

जानेवारी ते जून आठवड्यातून तीनच दिवस: ५, ५ आणि रविवारी १०-१२ किमी. वेग असा की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तळजाईचा मातीचा रस्ता तुम्हाला जवळ पडेल. सोबत आठवड्यातून दोनदा २० मिनिटं ताकदीचे व्यायाम: एका पायावर टाच उचलणं १५ चे तीन संच, एका पायावरची अर्धी बैठक, प्लँक. नवशिक्यांना दुखापत होते ती बहुधा इथे टाळाटाळ केल्यामुळे, बुटांमुळे नाही.

जुलैच्या परीक्षेनंतर डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत २२ आठवडे असतात. चार आठवड्यांत एकूण अंतर २८-३० किमीवर न्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीपासून १८ आठवड्यांची योजना धरा. लांब पल्ला १४ पासून दर आठवड्याला दीड-दोन किमीने वाढवायचा, चौथ्या आठवड्याला एकूण अंतर पाव हिश्शाने उतरवायचं. तो उतार गणेशोत्सवात टाका. तसंही त्या दहा दिवसांत संध्याकाळचं वेळापत्रक पाळणारा माणूस पुण्यात सापडणार नाही.

इंटरनेटवरच्या बहुतेक योजनांत ३२ किमीची धाव असते. ती वेगाने पळणाऱ्यांसाठी. तुमच्या वेगाने ३२ ला साडेचार तासांच्या आसपास लागतील, पाय सावरायला दहा दिवस जातील आणि पुढचा आठवडा वाया. तुमची मर्यादा अंतरावर नको, वेळेवर ठेवा: साडेतीन तास, म्हणजे २५ किमीच्या आसपास. अशा दोन धावा पुरेत, शेवटची स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. कमाल आठवडा ४८-५० किमीचा. मग एकूण अंतर ७५ टक्के, त्यानंतर ५५, आणि स्पर्धेच्या आठवड्यात दोनदा हलकं अर्धा तास. या काळात पाय जड वाटतात आणि सराव कमी पडल्याची भीती वाटते. जास्तीची धाव घुसवू नका.

शनिवारी सिंहगड आणि रविवारी लांब पल्ला, ही पुणेरी जोडी मोडा. आतकरवाडीची चढण दमवते, पण मांड्या उतरताना भरतात आणि दुखणं दोन-तीन दिवस राहतं. सिंहगड करायचाच तर त्या रविवारचा पल्ला रद्द.

शरीरातला साखरेचा साठा साधारण ३० किमीला संपत येतो. ताशी ३०-६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक एनर्जी जेल किंवा चार-पाच साधे खजूर म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. पहिल्या ४० मिनिटांपासून सुरू करा, भूक लागायची वाट बघू नका, आणि सरावात न खाल्लेलं काही स्पर्धेत खाऊ नका. पाणी तहानेप्रमाणे. दर थांब्यावर ढसाढसा नुसतं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं. पावसाळ्यात काखेत आणि मांड्यांच्या मध्ये व्हॅसलीन, बुटात वर्तमानपत्राचे बोळे. बुटांचं आयुष्य ६००-८०० किमी, म्हणजे वर्षभरात दोन जोड धरा. नवा जोड स्पर्धेआधी किमान ५०-६० किमी वापरलेला हवा.

वजनाबद्दल: आठवड्याला अर्धा किलोपेक्षा घाई नको आणि ते जानेवारी ते मे याच काळात. कागदावर २० आठवड्यांत १० किलो होतात, ५-६ धरून चला. ऑगस्टपासून कमी खाणं बंद. लांब पल्ल्याच्या आठवड्यांत उपाशी राहिलात तर झोप बिघडते आणि नडगी धरते. दिवाळी नेमकी कमाल अंतराच्या दिवसांत येते. फराळ खा.

गच्चीवरून
वरच्यांनी शरीर आणि पुस्तकं मांडली, घर कोणी मांडलं नाही. रविवारी सकाळचे चार तास आणि नंतरची झोप तुमच्या एकट्याच्या खात्यातून जात नाही. त्या वेळेत मुलीकडे बायको बघणार, म्हणजे तिचा रविवार गेला. आत्ताच ठरवा की ऑगस्ट ते डिसेंबर शनिवार सकाळ पूर्ण तिची, तुम्ही स्वयंपाकासकट घर सांभाळायचं. हे न बोलता सुरू केलेल्या योजना तिसऱ्या-चौथ्या लांब पल्ल्याला, घरातल्या पहिल्या भांडणात बंद पडतात.

बाकी जगाला सांगायची गरज नाही. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं की शाबासकी आधीच मिळते आणि काम राहतं. गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचे यावर प्रयोग आहेत. त्यांचीच दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची, 'जर-तर' लिहून ठेवायचं. 'साडेपाचला मुसळधार पाऊस असेल, तर इमारतीचे जिने २० मिनिटं.' 'ऑफिसातून घरी यायला साडेआठ वाजले, तर फक्त उजळणीची कार्डं, नवीन नाही.' अशी पाच-सहा वाक्यं त्या फ्रिजवर लावा, ध्येयापेक्षा तीच कामाला येतील.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा. लंडनमध्ये लॅली या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस आले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज. मधला एखादा खाडा झाल्याने फारसा फरक पडला नव्हता.

धायरीकर
विभागणी पटली, हिशेब जास्त पटला. दोन शंका. अधूनमधून तपासणी कुठे ठेवू? आणि जुलैत एन-३ गेली तर डिसेंबरात पुन्हा बसू का?

हिशेबनीस
तपासणी तीन ठिकाणी, आणि आकडा आत्ताच लिहून. मार्चअखेर ठरलेल्या शब्दांपैकी ७० टक्के झाले नसतील तर जुलैचं ध्येय 'उत्तीर्ण' ऐवजी 'पूर्ण पेपर वेळेत सोडवणं' इतकं खाली आणा. नोंदणी झाली असेल तर बसाच. दुसरी तपासणी जूनच्या सुरुवातीला: सराव पेपरात १०५ च्या वर असाल तर पुरेसा अवकाश आहे. तिसरी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात अर्धी मॅरेथॉन. २ तास ३५ मिनिटांच्या आसपास आलात तर योजना बरोबर. ३ तासांच्या पुढे गेलात तर स्पर्धेची वेळमर्यादा पुन्हा वाचा आणि अर्धीवरच थांबायचं का ते त्याच आठवड्यात ठरवा, नोव्हेंबरात नाही.

पूर्ण मॅरेथॉन पुढे ढकलायचीच झाली तर मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. सहा-सात आठवडे जास्त मिळतात, पण तिची नोंदणी खूप आधी भरते आणि पेडर रोडचा चढ आहे.

कांजीवही
डिसेंबरात पुन्हा बसू नका. जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस लागतो. तेव्हा तुम्ही १८ पैकी चौथ्या आठवड्यात असाल आणि थोडक्यात हुकलं असेल तर नोंदणीचा मोह होईलच. म्हणून 'पुढचा प्रयत्न पुढच्या जुलैत' हे आत्ताच लिहून ठेवा. निकालपत्रात विभागवार गुण असतात, त्यावरून रोजची २० मिनिटं ठरवा. ऐकण्यात १९ च्या खाली असाल तर सगळी २० तिथेच. वाचनात कमी पडले असतील तर रोज एक छोटा उतारा, ५ मिनिटं लावून. तिन्ही विभागांत २५-३० अशी विभागणी असेल तर कच्चे शब्दच आहेत. उजळणी चालू ठेवा, नवी कार्डं रोज पाच.