आप्तेष्टांतला 'इष्ट' कोण?

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून भाऊ, वहिनी आणि पुतण्या फोंड्याला आमच्याकडे आले होते. आठ दिवसांत कोणाकोणाकडे जायचं याची यादी बाबांनी वहीत केली आणि वर लिहिलं, 'आप्तेष्टांच्या भेटी'. मडगावची आत्या, डिचोलीचे मामा, काणकोणची मावसबहीण आणि सगळ्यात खाली दिवाडी बेटावरचं एक घर. बाकी सगळ्यांपुढे नातं होतं, दिवाडीपुढे नुसतं 'इश्ट'. नववीतल्या पुतण्याने विचारलं, "आजोबा, आप्तेष्ट म्हणजे नातेवाईकच ना? मग हे कोण?"

"शब्द फोडून बघ," बाबा म्हणाले.

आप्त अधिक इष्ट, म्हणजे आप्तेष्ट. नर आणि इंद्र मिळून नरेंद्र होतो, तोच संधी. आपण हा शब्द इतका सलग वाचतो की आत दोन माणसं उभी आहेत हे विसरून जातो. 'इष्ट' हा इष् धातूपासून आला. 'इच्छा'ही त्याच धातूची. तेव्हा इष्ट म्हणजे हवाहवासा, मनाने निवडलेला. कुळदेव जन्माबरोबर मिळतो, इष्टदेव आपण मानतो, तसंच हे. मराठीत हा 'इष्ट' आता एकटा फारसा फिरत नाही. इष्टमित्र, अनिष्ट, इष्टापत्ती अशा जोडशब्दांत तेवढा उरलाय. पण गोव्यात कोंकणीने त्याला घरात ठेवून घेतलं. इथे मित्र म्हणजे इश्ट, मैत्रीण म्हणजे इश्टीण आणि मैत्री म्हणजे इश्टागत. हिंदू-ख्रिस्ती दोघांच्याही तोंडी हाच शब्द. 1933 साली सुरू झालेल्या कोंकणी साप्ताहिकाचं नावच 'वावराड्यांचो इश्ट', म्हणजे कष्टकऱ्यांचा मित्र. आम्ही घरात मराठी बोलतो, वाचतो, लिहितो, तरी मित्राला हाक मारायची झाली की बाबांच्या तोंडून 'इश्टा'च येतं.

दिवाडीला जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने गेलो. बाबांच्या एका हातात काठी, दुसरा पुतण्याच्या खांद्यावर. त्यांचे इश्ट घरापुढच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, दगडी बाकावर वाट बघत बसले होते. दोघं पावसाळ्याआधी भेटले नव्हते असं एकही वर्ष नाही, फक्त मधली दोन वर्षं बाबांच्या गुडघ्यांमुळे चुकली होती. त्या गृहस्थांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग बसल्या जागीच हात पुढे केले. "इश्टा, इतलो कळाव कित्याक?" एवढा उशीर का, एवढंच. बाबांनी उत्तर दिलं नाही, शेजारी बसले. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा मानकुराद आंबे पुतण्याच्या हातात आले. फेरीत तो मला म्हणाला, "आत्या, डिचोलीच्या मामांकडे आजोबा एवढे हसले नव्हते."

म्हणून विचारते: तुमच्या घरी 'आप्तेष्ट' म्हटलं की त्यात मित्र येतात का?

प्रतिसाद, डिचोलीहून
येतात, आणि यायलाच हवेत. पण 'आप्त'कडेही नीट बघा. तो आप् धातूचा, अर्थ मिळवणे, पोचणे. प्राप्त, समाप्त, व्याप्त हे सगळे त्याचेच भाईबंद. संस्कृतात आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा माणूस. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, 'आप्तोपदेशः शब्दः' असं येतं, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हे प्रमाण. तिथे रक्ताच्या नात्याचा संबंध नाही. नातेवाईक हा अर्थ पुढे चिकटला, बहुधा भरवसा आधी घरच्यांवर ठेवला जातो म्हणून. मूळ अर्थ धरला तर तुमच्या बाबांचे दिवाडीचे मित्र आप्तही आहेत.

मूळ लेखिका
हे वाचून दाखवलं. बाबांनी यादी परत मागवली आणि दिवाडीचं घर सगळ्यात वर लिहिलं. मन भरून आलं.

प्रतिसाद, मडगावहून
एक भर. महाराष्ट्रात सोयरा म्हणजे लग्नसंबंधातून जोडलेला माणूस. आमच्याकडे कोंकणीत 'सोयरे आयल्यात' म्हटलं की घरी पाहुणे आलेत. सोयरीक मात्र दोन्हीकडे लग्नाचीच. माझी सून कोल्हापूरची. पहिल्या महिन्यात माझ्या सासूबाई शेजारणीला "सोयरे आयल्यात" म्हणाल्या, तर सून घाईघाईने साडी बदलून बाहेर आली. तिला वाटलं, माहेरची माणसं आली. मी तेव्हापासून घरात मराठी बोलताना 'पाहुणे'च म्हणते, पण सासूबाईंचा शब्द मला जास्त आवडतो. दारात आलेला माणूस आपला, हे त्यात आधीच मानलेलं असतं.

प्रतिसाद, साखळीहून
मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. छापखान्याच्या नमुन्यात 'आप्तेष्ट व मित्रपरिवारासह' असं आहे. ही द्विरुक्ती होते का? आणि एकवचनात 'तो माझा आप्तेष्ट' म्हणता येईल?

मूळ लेखिका
अर्थ धरून चाललं तर द्विरुक्तीच आहे, मित्र 'इष्ट'मध्ये आलेच. पण वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण आप्तेष्ट म्हणजे नातेवाईक असंच समजतात, त्यामुळे त्याला चूक म्हणून काट मारावी असं मला वाटत नाही. मी असते तर जुनं 'सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह' हेच घेतलं असतं. ते कानालाही बरं लागतं आणि गोव्यात तर 'इष्ट' कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. एकवचन टाळा. हा शब्द समूहाचा आहे, एकट्या माणसासाठी आप्त म्हणा किंवा स्नेही म्हणा.

प्रूफ बघताना मात्र एक नक्की तपासा. पुष्कळ पत्रिकांत 'आप्तेष्ठ' छापलेलं असतं. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांच्या सवयीने हात तिकडे वळतो. तो ष्ठ 'सगळ्यांत अधिक' हे दाखवणाऱ्या प्रत्ययाचा. इथे इष् ला त लागून, ष् च्या शेजारामुळे त चा ट झालाय. ट च हवा, ठ नको.