जुन्या रायफलीच्या अक्रोडी दस्त्याची निगा कशी राखावी?

खानापूरकर: आमच्या घरी परवान्यावर नोंदलेली, १८५३ च्या नमुन्याची ठासणीची एनफील्ड रायफल आहे. दस्त्यावर काळपट, चिकट थर साचला असून पावसाळ्यात कडांना बुरशी येते. पॉलिशपेपरने घासून वार्निश द्यावे काय?

बेळगावचा सुतार: कृपया घासू नये. दस्त्यावर ठोकलेले शिक्के आणि हाताळून आलेली झाक एकदा गेली, की ती कोणालाही परत आणता येत नाही. आधी नळीत जुना बार (भरलेली दारू-गोळी) राहिलेला नाही, हे गज म्हणजे ठासायची सळई आत सोडून पाहावे. गज बुडापर्यंत पोहोचत नसेल, तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच जावे. मग मऊ कापडाला थोडे टर्पेंटाइन लावून रेषांच्या दिशेने हलके पुसावे. कापड काळे होत जाईल, आणि लाकडाच्या रेषा दिसू लागल्या की तिथेच थांबावे, कारण जुना रंग पूर्ण उतरवणे हा हेतूच नाही. नंतर कच्च्या जवस तेलाचे चार थेंब तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत चोळून, उरलेले तेल पुसून टाकावे.

निपाणीकर: खोबरेल मात्र लावू नका, ते जवसासारखे सुकत नाही आणि त्यावर धूळ बसते. जवस तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

खानापूरकर: आभारी आहे. पावसाळ्यात ती कातडी गवसणीतच ठेवतो, ते योग्य आहे का?

बेळगावचा सुतार: नाही. कातडे ओल धरते; सुती कापडात सैल गुंडाळून, कुलूपबंद पण हवेशीर कपाटात ठेवावी.