सस्पेन्शनचा दिवा विझत नाही, म्हणून थेट कॉम्प्रेसर बदलावा का?

दरीकाठ (धागाकर्ता)
माझ्या नऊ वर्षे जुन्या एसयूव्हीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे ती स्प्रिंगऐवजी चाकांजवळच्या हवेच्या पिशव्यांवर तोललेली असते. तिच्यात गेले पंधरा दिवस सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागलेला आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘ठरलेल्या वेळेत पुरेसा दाब तयार झाला नाही’ अशा अर्थाचा कोड निघाला आणि तेवढ्यावरून कॉम्प्रेसर, म्हणजे पिशव्यांत हवा भरणारा पंप, बदलण्याचे अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवण्यात आले. माझ्या मते कोड केवळ तक्रार नोंदवतो. दोषी कोण, हे तो सांगत नाही. दाब न होण्यामागे कॉम्प्रेसरच्या पिस्टनची झिजलेली रिंग असू शकते, तशीच चिरलेली हवेची पिशवी किंवा नळीच्या जोडातली गळतीही असू शकते. म्हणून मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही बाजूंना रात्री आणि पुन्हा सकाळी मोजले. तीन कोपरे होते तिथेच होते, मागचा डावा मात्र ४५ मिलिमीटर खाली बसला होता. कॉम्प्रेसर तर चारही कोपऱ्यांना हवा पुरवतो. मग दोष त्याचाच असेल, तर एकच कोपरा रात्रीतून का बसावा?

पाना-पकड
मी ही कामे करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. गळती आहे हे मान्य; पण ती किती महिने चालू होती, हे आपल्याला ठाऊक आहे का? हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळती भरून काढण्यासाठी तो पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, उष्णतेमुळे स्वतःला बंद करून घेतो आणि त्या हेलपाट्यांत त्याची रिंग झिजते. मी केवळ पिशवी बदलून दिली आणि तीन महिन्यांनी दिवा परत लागला, तर तेच गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन ‘तुम्हाला काम येत नाही’ असे सुनावते. निदानाच्या दोन तासांचे पैसे मागितले की मात्र सगळ्यांच्या कपाळावर आठ्या!

दरीकाठ
आपला मुद्दा पटतो, पण माझ्या अंदाजपत्रकात पिशवीचे नावच नव्हते. चालू गळतीवर नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही त्याच मार्गाने जाणार. कॉम्प्रेसरच्या तोंडाची नळी सोडवून तिथे दाबमापक लावला, तर तो स्वतः किती दाब देतो हे वेगळे कळते. तेवढी तपासणी करून दोन्ही भाग गेले आहेत असे कोणी दाखवले, तर मी दोन्हींचे पैसे देईन आणि त्या दोन तासांचेही देईन.

तांबडी माती
आपण दोघेही गळती गृहीत धरून भांडत आहात. माझ्या गाडीत गळती नव्हतीच. चाकाच्या हालचालीबरोबर उंचीच्या सेन्सरला फिरवणारी बोटभर जाडीची लिंक रॉड तुटली होती आणि ती सापडेपर्यंत मी एक पिशवी विनाकारण बदलून बसलो होतो. फरक असा, की तेव्हा गाडी इंजिन चालू असतानाच तिरकी राहायची. रात्रभर उभी केल्याने उंचीत बदल होत नसे. ब्लूटूथच्या स्वस्त स्कॅनरने तर काहीच दाखवले नाही, कारण तो बहुधा ‘पी’ने सुरू होणारे इंजिनाचे कोड वाचतो आणि सस्पेन्शनचे कोड चॅसिसच्या ‘सी’ गटात असतात.

मोकळा रस्ता
हा सगळा खटाटोप सोडून साध्या कॉइल स्प्रिंग बसवाव्यात, असे मला वाटते.

तांबडी माती
त्याने दिवा विझत नाही. नियंत्रक पिशव्यांचा शोध घेतच राहतो आणि त्याला गप्प करण्यासाठी वेगळी सोय करावी लागते. शिवाय सामान भरल्यावर मागची बाजू आपोआप उचलली जाण्याची सोय कायमची जाते.

पाना-पकड
दरीकाठ, आपल्या मोजमापावरून मलाही आधी मागची डावी पिशवी तपासावीशी वाटते. साबणाचे पाणी फवारून पिशवीच्या घडीपाशी बुडबुडे येतात का पाहा. मात्र गाडी केवळ हवेवर उभी असताना तिच्याखाली हात किंवा डोके घालू नका, आणि उचलण्यापूर्वी जॅक मोड, म्हणजे उंची आपोआप जुळवणे थांबवणारी सेटिंग, लावा. नाहीतर यंत्रणा स्वतःच उंची बदलू पाहते आणि नवाच कोड नोंदवून बसते. दाबमापक लावून कॉम्प्रेसर ठीक निघाला, तर तो बदलू नका, हे मी मान्य करतो. कॉम्प्रेसरला वीज देणारा-तोडणारा स्विच, म्हणजे रिले, मात्र बदलाच. सततच्या वापराने त्याचे संपर्क चिकटले, तर किल्ली काढल्यावरही कॉम्प्रेसर चालू राहतो, आणि तो भाग बाकीच्या खर्चापुढे किरकोळ आहे.